राखाडीला हळदीचा हात

आमच्या मामेसासऱ्यांच्या मते जगात रंग एकूण तीन. हळदीचा, हळदीच्या जवळपासचा आणि वाया गेलेला. त्यांना इंद्रधनुष्य दाखवलं तर ते मधल्या पिवळ्या पट्ट्याकडे बघून ‘माल बरा हाय’ म्हणतील आणि बाकीचे पट्टे कुणी भेसळीला घातले याची चौकशी करतील. चाळीस वर्षं त्यांनी सांगलीच्या बाजारात हळद पारखली. व्यापारी पोत्यापुढे त्यांना उभं करायचे आणि ते म्हणतील तो दर्जा मुकाट मान्य करायचे. ते काम सुटून आता बरीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी नऊच्या ठोक्याला पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि खांद्यावर घडीचा टॉवेल अशा थाटात ते मार्केट यार्डात एक फेरी मारतात. तिथं त्यांचं काही काम नसतं. विचारलं तर ‘वास घिऊन येतो’ म्हणतात. परत येतात तेव्हा सदऱ्याच्या बाह्यांना पिवळी कड लागलेली असते. मामी ती धुऊन काढायच्या भानगडीत कधीच पडल्या नाहीत.

पण रंगाची एवढी पारख असलेल्या या माणसाचा डोळ्यांवर काडीचाही विश्वास नाही. ‘डोळ्याचं काय सांगता जावईबापू,’ ते मला म्हणतात, ‘उनात एक दिसतंय, सावलीत दुसरंच दिसतंय. बोट फसत न्हाई.’ हळकुंड हातात आलं की ते आधी त्यावरून अंगठा फिरवतात, मग कानाजवळ नेऊन मोडतात, आवाज ऐकतात, आतल्या गाभ्यावर बोट टेकतात आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडून बघतात. ही सवय त्यांनी बाजारात ठेवली असती तर कुणाची तक्रार नव्हती. पण मामा एसटीत चढण्यापूर्वी तिच्या पत्र्यावर टिचकी मारतात. बारशाला गेले की बाळाच्या गालावरून अंगठा फिरवून दर्जा सांगतात. एका दंतवैद्यानं त्यांना कवळी दाखवली तर त्यांनी ती कानाजवळ नेऊन वाजवली, तेव्हा तो वैद्यच बाहेर जाऊन पाणी पिऊन आला.

माझीही पारख अशीच झालेली आहे. मी साताऱ्याहून मुलगी बघायला आलो होतो. मुलीच्या वडिलांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, आणि मामा मात्र कोपऱ्यात गप्प बसून होते. निघताना ते उठले, माझा उजवा हात हातात घेतला, त्यावर खांद्यावरचा टॉवेल टाकला आणि आतल्या आत माझी बोटं एकेक करून दाबली. मला वाटलं नाडी बघतायत. मग वाटलं अंगठी चोरतायत. बऱ्याच वेळानं त्यांनी टॉवेल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, ‘माल खरा हाय. अजून पुरता वाळला न्हाई, पर वाळंल.’ लग्न ठरलं. वाळलो की नाही हे माझ्या बायकोला विचारावं लागेल.

टॉवेलाचं हे प्रकरण काय होतं ते मला पुढं कळलं. पूर्वी बाजारात सौदे तोंडानं होत नसत. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरत, वर कापड टाकत आणि बोटांच्या दाबण्यावर भाव ठरे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते दोघांनाच ठाऊक. आता सगळं उघड्यावर ओरडून होतं, याचं मामांना फार दुःख आहे. ‘कापडाखाली खोटं चालत न्हवतं,’ ते सांगतात. ‘तोंडानं माणूस काय बी बोलतंय. बोट खोटं बोलाया लागलं की थरथरतंय.’ बाजारातून ही पद्धत गेली तशी मामांनी ती घरी आणली. पाहुणा आला की मामा मामींना शेजारी बसवून घेत, दोघांच्या हातांवर टॉवेल पडे आणि मामी उठून आत जात. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी बायकोला म्हणत असे, ‘तुझ्या मामांचं बघ, या वयातही लोकांसमोर हातात हात.’ मग तिनं मला त्यातलं गुपित सांगितलं. एक बोट दाबलं की नुसता चहा, दोन बोटं म्हणजे चहा आणि भडंग, पूर्ण पंजा म्हणजे माणूस जेवूनच जाईल. गेल्या दिवाळीत आपण एका बोटावर निघून आलो होतो हे मला त्या दिवशी समजलं आणि मी आठवडाभर रुसलो.

तर अशा या माणसानं एका सकाळी फोन करून मला सांगितलं, ‘जावईबापू, सैपाकघरातली कपाटं राखाडी करायची हायत.’

मी आधी फोनचा नंबर नीट बघितला. राखाडीला मामा रंगच मानत नसत. ‘जळून गेल्यावर ऱ्हातंय ते राखाडी,’ हे त्यांचं वाक्य मी शंभरदा ऐकलेलं. पण त्यामागचं कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मामींची नजर जात होती. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार, चष्म्यानं भागण्यातला नव्हे. त्यांचं स्वयंपाकघर मुलाच्या लग्नाच्या वेळी केलेलं, त्या काळी फॅशन होती तशा गडद चॉकलेटी कपाटांचं, वर आरशासारखं पॉलिश. त्या कपाटांपुढे काळी कढई ठेवली की ती कढई मामींपुरती नाहीशी व्हायची. एका पाहुण्याला त्यांनी मिठाचा चहा दिला. पाहुणा सज्जन, तो प्यायला, आणि मामांनी आपला कप संपवून ‘आज दर्जा निराळा हाय’ एवढंच म्हटलं. पण मग एकदा उकळत्या आमटीत हात गेला, आणि पुण्याचा मुलगा हट्टाला पेटला. ‘गुढीपाडव्याला येतो,’ तो म्हणाला. ‘आईला स्वयंपाकघरात वावरता येत असेल तर ठीक. नाहीतर दोघांनी सामान बांधायचं.’ मुलगा वाईट नाही, सूनही प्रेमळ आहे. पण मामी माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, ‘पुण्यात मी पावणी हाय गं. हितं माझा हात चालतोय. हात चालायचा थांबला की माणूस ठिवलेलं हुतंय.’ डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुचवलं होतं की कपाटांना फिका, बिनचमकीचा रंग द्या, पांढरा नको, पांढरा डोळ्यांवर येतो. राखाडीतला एखादा उबदार बघा. झालं. पाडव्याला तीन आठवडे होते आणि मामांना चेव आला.

रंगाच्या दुकानात आम्ही सकाळी साडेदहाला शिरलो आणि जेवणाची वेळ टळून गेल्यावर बाहेर पडलो. दुकानदारानं शेड कार्ड उघडलं. त्यात राखाडीचे इतके प्रकार होते की मामा क्षणभर खांबाला टेकले. ‘एवढं काय काय जळालंय म्हणायचं!’ दुकानदार शहाणा होता, त्यानं एका चौकोनावर बोट ठेवलं, ‘काका, हा घ्या. वॉर्म ग्रे. उबदार असतो.’ मामांनी चौकोनावर अंगठा फिरवला, मग गाल टेकवला. ‘ऊब कुठं हाय?’ ‘काका, नावच तसं आहे.’ ‘नावाचं काय घिऊन बसलाय? माझ्या चुलत्याचं नाव बळवंत हुतं. पाण्याची कळशी उचलंना.’ शेवटी त्यांनी यंत्रातून सतरा वेगवेगळ्या राखाड्या नमुन्यापुरत्या काढायला लावल्या. दुकानदार हात जोडून म्हणाला, की काका, बंगला रंगवणारेसुद्धा तीनच्या वर जात नाहीत. मामांनी त्याचा जोडलेला हात तसाच धरला, टॉवेल टाकला आणि आत काय दाबलं कुणास ठाऊक, त्यानं निमूट यंत्र सुरू केलं.

सतरा फळकुटं रंगवून ओट्यावर मांडली आणि मामींची परीक्षा सुरू झाली. मामा एकेका फळकुटापुढे कधी कढई धरायचे, कधी स्टीलचा डबा, कधी उलथनं. ‘दिसतंय?’ ‘दिसतंय की.’ ‘आन् हे?’ ‘ह्ये बी दिसतंय.’ मामी सरळ न बघता मान जरा वळवून बाजूनं बघायच्या. मला वाटलं, एवढ्या लोकांत नवऱ्यानं उलथनं नाचवावं याचा त्यांना संकोच होतोय. ‘आवं, मला चहा तर करू द्या,’ त्या अकराव्या फळकुटाला म्हणाल्या, ‘तुमाला पटंल तो लावा. समदं झ्याक दिसतंय मला.’ मामांचा चेहरा उजळला. त्यांनी तेरावं फळकूट निवडलं. खरंच छान रंग होता तो, पावसाळी ढगापेक्षा फिका, ताकापेक्षा गडद.

रंगारी दोन तासांत पळून गेला. त्यानं ब्रश मारला की मामा ओल्या रंगावर तळहात टेकवून बघायचे आणि वर ‘गुळगुळीत न्हाई, हिथं पंजा उमटलाय’ म्हणून त्यालाच झापायचे. मग उरलो कोण, तर मी. शनिवार-रविवारच्या दोन सुट्ट्या मी त्या कपाटांना वाहिल्या. काचकागदानं पॉलिश खरवडताना माझ्या भुवया चॉकलेटी झाल्या, मिशी चॉकलेटी झाली. बायकोनं मला ओळखलं नाही असं ती अजून सांगते, पण ती हसत होती. मामा मात्र जणू लग्नघरात वावरत होते. दार खाली उतरवलं की गोलाकार फिरून बघत, डोळे मिटून हात फिरवत, ‘अजून हितं कण हाय’ म्हणत आणि मला पुन्हा कामाला लावत. पहिला हात झाला, दुसरा झाला, तिसरा वाळला. दारं पुन्हा बसवली, खिडकी उघडली आणि आम्ही सगळे बघत राहिलो. इतकी वर्षं पेटीच्या आत बसल्यासारखं वाटणारं ते स्वयंपाकघर एकदम मोठं झालं होतं. मी तर टाळ्याच वाजवल्या.

मामा पुढे झाले. अंगठा फिरवला. गाल टेकवला. म्हणाले, ‘गार हाय.’

‘मामा, रंगाला ताप येत नाही.’

‘तिला सांगितलंय उबदार लावीन म्हणून. ह्यो गार हाय.’

मी चिडलो, भांडलो, आंघोळ करून साताऱ्याची गाडी पकडली. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. मामांनी सुताराकडून लाखेचं पॉलिश आणलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात तेच जुन्या पद्धतीचं. आणि त्यात, देवाजवळच्या डब्यात जपून ठेवलेलं आपल्या हयातीतल्या सगळ्यात चांगल्या हळदीचं हळकुंड स्वतः कुटून, कापडातून गाळून घातलं. त्या हळदीच्या लाखेचा एक पातळ हात त्यांनी राखाडीवर फिरवला. बुधवारी त्यांनी मला व्हिडिओ कॉल करून दाखवलं आणि मला कबूल करावंच लागलं. त्या राखाडीत कुणीतरी सकाळचं ऊन सोडल्यासारखं वाटत होतं. त्यानंतर आठ दिवस मामांनी अख्ख्या गल्लीला ते स्वयंपाकघर दाखवलं. ‘हात लावा,’ ते प्रत्येकाला म्हणत, ‘लाजायचं काय त्यात, हात लावा की. ऊब लागतीय का न्हाई?’ ज्यांना लागली त्यांना भडंग मिळालं.

आणि पाडव्याच्या सहा दिवस आधी दुपारी फोन आला. ‘जावईबापू, असाल तसं या. घात झाला.’ पुढं बोलणंच नाही. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, बायको गाडीतून पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली आणि कुणी उचलेना. घरापुढे बायकांची गर्दी बघून तिनं माझा हात घट्ट धरला. आत गेलो तर मामी धडधाकट, ओट्याला टेकून उभ्या, पदराशी चाळा करत. मामा जमिनीवर बसलेले. आणि कपाटांवर, त्या सुंदर उबदार राखाडीवर, वरपासून खालपर्यंत लालभडक बोटं उमटली होती.

झालं होतं असं. मामी दरसाल पाडव्याआधी उडदाचे पापड करतात. मामा यार्डात गेले असताना त्यांनी पीठ मळायला घेतलं. पापडाच्या पिठात पापडखाराचं पाणी लागतं. त्या खारट ओल्या हातांनी त्या हिंग काढायला गेल्या, मिरी काढायला गेल्या, तेल, पोळपाट, लाटणं, आणि जिथं जिथं हात लागला तिथं हळदीला खार लागून ती लाल झाली. त्यांना स्वतःला ते दिसलंच नाही. अकरा वाजता लाटायला शेजारणी आल्या आणि पहिल्या बाईनं दारातच किंकाळी फोडली. दुसरी म्हणाली, ‘आगं, कुकवाची बोटं उमटल्यात, देवी आली जणू!’ आणि तिनं नमस्कारही केला.

‘कुंकू कशानं हुतंय?’ मामा जमिनीवरून गर्जत होते. ‘हळदीला खार लागला की हुतंय! सांगलीतलं शेंबडं पोरगं सांगंल! चाळीस वर्सं हळदीत घातली आन् मलाच ठावं न्हवतं व्हय? ह्या हातानं लावली मी हळद!’ मला हसू आवरेना. बायकोनं कोपरानं ढोसलं, पण तीही तोंडाला पदर लावून थरथरत होती. शेजारणी हसायला लागल्या, मामीही हसल्या, ‘आवं, असू द्या. शकुनाचं हाय म्हणा आन् उठा.’

मामा उठले. पुसायला म्हणून त्यांनी टॉवेल हातात घेतला, पहिल्या दारापाशी गेले आणि थांबले. त्यांनी एका लाल बोटावर आपलं बोट ठेवलं. मग पुढच्या. मग डोळे मिटले आणि ते त्या छापांवरून हात सरकवत भिंतीकडून खिडकीकडे चालत निघाले. आम्हाला काही कळेना. मग मीही नीट बघितलं.

एकही छाप पहिल्या फटक्यात दाराच्या मुठीवर नव्हता. बोटं आधी भिंतीच्या कडेला लागली होती. तिथून पहिल्या दाराची कड, मग दुसऱ्याची कड, मग तिसऱ्याची. प्रत्येक कडेवर चार बोटं, ओळीनं, एकाच उंचीवर. मामी दारं बघत नव्हत्या, मोजत होत्या. मसाल्याच्या कपाटापाशी तर लाल रंगाचा नुसता चिखल झाला होता. तिथं हात कितीदा तरी वर गेला होता, खाली आला होता, बाजूला घसरला होता, आणि मग कुठं मूठ सापडली होती. त्या सतरा फळकुटांपुढे मान वळवून ‘दिसतंय की’ म्हणणाऱ्या मामी मला आठवल्या, आणि मला माझ्या टाळ्यांची लाज वाटली.

मामा मामींपुढे येऊन उभे राहिले. ‘किती दिसतंय?’

‘दिसतंय की.’

त्यांनी मामींचा हात हातात घेतला, पापडाचं पीठ अजून वाळून चिकटलेला. त्यावर टॉवेल टाकला. ‘आता सांग,’ ते म्हणाले.

घरात पंधरा माणसं होती. आम्हाला फक्त टॉवेल दिसत होता. तो जरासा हलला, मग थांबला. मामी खाली बघत होत्या. मग मामा ‘बरं’ म्हणाले, टॉवेल काढला आणि त्याच टॉवेलानं मामींची बोटं एकेक करून पुसली. आत काय झालं ते त्यांनी मला नंतर अंगणात सांगितलं. ‘पंजाभर दिसत हुतं आदी. आता एक बोट म्हणाली. तेबी दाबलं न्हाई, नुसतं टेकवलं.’ एवढं बोलून ते नळाखाली तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

मला वाटलं, आता सामान बांधणार. पण तोंड पुसून हा माणूस परत आला तो निराळाच होऊन. ‘जावईबापू, रजा टाका. सहा दिस हायत. पेपरची रद्दी काढा.’ आम्ही छापांवर वर्तमानपत्रं चिकटवली आणि पेन्सिलीनं एकेक बोट त्यावर उतरवून घेतलं, कुठल्या दारावर, जमिनीपासून किती उंच, कडेपासून किती आत. मामा मला दर दोन मिनिटांनी ओरडत होते, ‘गिरवू नका, हाय तसं काढा!’ कागद झाले की आम्ही स्पिरिटनं लाख उतरवली, पुन्हा काचकागद, पुन्हा माझी मिशी, आणि पुन्हा तोच तेरा नंबरचा राखाडी, बिनलाखेचा, बिनहळदीचा. ‘एक बोट तर एक बोट,’ मामा म्हणाले, ‘तेवढ्यासाठी रंग पायजेच.’ आणि मग त्यांनी बाजारातून गोल डोक्याच्या पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, आणल्या. वर्तमानपत्र दारावर धरायचं आणि जिथं मामींचं बोट आपसूक पडत होतं तिथंच चूक ठोकायची. मिठाच्या कपाटाला एक, साखर-चहाला दोन, मसाल्याला तीन, डाळी-तांदळाला चार. जेवणाच्या ताटांच्या कपाटाला पाच, पूर्ण पंजा. मुठीसुद्धा जुन्या जागेवरून काढून त्या चुकांच्या खाली आणल्या. ‘आजवर तिचा हात कपाटाला शोधत हुता,’ ते तोंडात खिळे धरून म्हणाले, ‘आता कपाट हाताखाली यील.’ माझ्या उत्साहाला तर उधाण आलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ खिळा ठोकला आणि तो बघायला बायकोला तीनदा बोलावलं.

पाडव्याला मुलगा आला. उभ्याउभ्याच त्यानं स्वयंपाकघर बघितलं, ‘रंग छान झाला’ म्हणाला आणि हाताची घडी घालून दाराशी उभा राहिला. मामींनी पदर खोचला. त्यांचा हात भिंतीच्या कडेवरून निघाला, चुकांवरून एकदाच सरकला आणि थांबला तो बरोबर डाळीवर. कटाची आमटी झाली, पुरण झालं, मामी कपाटं उघडत होत्या आणि मिटत होत्या आणि मामा बाहेर झोपाळ्यावर बसून प्रत्येक आवाजाला एकेक बोट मिटत होते. मुलाला मधेच चहाची लहर आली. ‘आई, तू थांब, मी घेतो साखर,’ म्हणून तो पुढं झाला. त्यानं एक दार उघडलं, दुसरं उघडलं, ताटं निघाली, हिंग निघाला, मीठ निघालं. ‘सगळी दारं एकसारखी केलीत, कुणाला कळणार कुठं काय आहे?’ तो वैतागून म्हणाला. मामींनी त्याच्याकडे न बघता हात लांब करून साखरेचा डबा त्याच्यापुढे ठेवला. तो तिथंच डबा हातात धरून उभा राहिला. मग त्यानं एका चुकेवरून बोट फिरवलं, दुसरीवरून फिरवलं, आणि डोळे पुसत म्हणाला, ‘गॅसला तेवढी एक बाई लावा. बाकी चालू द्या.’ झोपाळा एकदम जोरात कुरकुरला.

परवा सांगलीला गेलो होतो. मामींची नजर आता त्या एका बोटाच्याही आत गेली आहे, हे मला कुणी सांगितलं नाही, पण कळलं. दुपारची वेळ होती, मी पाणी प्यायला आत गेलो तर मामा स्वयंपाकघरात होते. आयुष्यात स्वतःचा चहाही न केलेला हा माणूस डोळे घट्ट मिटून, एक हात भिंतीला लावून, कपाटांवरून बोटं सरकवत चालला होता. माझी चाहूल लागली, पण डोळे उघडले नाहीत.

‘काय करताय मामा?’

‘शिकतोय,’ ते म्हणाले. ‘ती अंधारात एकटी पडाय नको.’ मग म्हणाले, ‘हितं हात लावून बघा.’ मी लावला, पितळी चुकांच्या बाजूला, जिथं राखाडी रंग मामींच्या रोजच्या हातानं झिजून मऊ झाला होता. ‘ऊब लागतीय का न्हाई?’ मी ‘लागतेय’ म्हणालो. भडंगासाठी नव्हे, खरंच लागत होती.

ते पुन्हा चालू लागले, चाचपत, मनात मोजत, आणि एका दाराशी थांबून त्यांनी विजयानं डबा बाहेर काढला. बाहेरच्या खोलीतून, झोपाळ्यावर बसल्या जागेवरून, नुसत्या आवाजावर मामींनी सांगितलं, ‘आवं, ते मीठ हाय. साखर एक दार पुढं.’